चाकणच्या कामगाराने राहायचे कुठे?
पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील घरांच्या प्रश्नाचा आढावा

नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, कुरुळी ओलांडत चाकणपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना गृहप्रकल्पांचे फलक लागलेले आहेत. वाकड, पुनावळे, रावेत, चऱ्होली सगळीकडे बांधकाम चालू आहे. घरे बांधलीच जात नाहीत, अशी तक्रार या भागाबद्दल कुणालाही करता येणार नाही. तरीही याच पट्ट्यातल्या निघोजे, म्हाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडी या गावांत एका खोलीत चार-पाच तरुण कॉट बेसिसवर राहतात. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच जागेवर आडवा होतो. देशभर धावणाऱ्या मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग हीच मुले घडवतात.

घरांची ही रेलचेल आणि खोल्यांतली ही गर्दी एकमेकांशेजारी कशी नांदते, हे समजून घ्यायचे तर जमीन, पगार, कायदा आणि सरकारी योजना या चारही बाजू एकत्र पाहाव्या लागतात. त्या पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, घरांचा एकूण आकडा हा इथला मुख्य प्रश्न नाही. कमी पगाराच्या, अस्थिर नोकरीच्या माणसाला कायदेशीर आणि स्वच्छ जागा भाड्याने मिळण्याची सोय या पट्ट्यात कुणीच उभी केलेली नाही आणि ती करणे कुणाचीच जबाबदारी मानली गेलेली नाही. खरी उणीव ही आहे.

कामगारासाठी वसवलेले गाव

सुरुवात अशी नव्हती. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही बांधली गेली. केंद्र सरकारची औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना 1952 पासून चालू होती. कामगार आणायचा तर त्याच्या निवाऱ्याचा विचार करायचा, हे त्या काळात गृहीत होते.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारात एमआयडीसी आली. टेल्को आली, बजाज आली आणि त्यांच्या मागोमाग शेकडो लघुउद्योग आले. 1970 मध्ये अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने ही गावे एकत्र करून पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. 1972 मध्ये राज्य सरकारने पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण नेमले. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित करायच्या, पेठा आखायच्या आणि कामगाराला परवडेल अशा दराने 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड व घरे द्यायची, हा त्यामागचा विचार होता. निगडी-आकुर्डीतील रुंद रस्त्यांच्या, झाडांनी भरलेल्या पेठा त्यातूनच उभ्या राहिल्या. टेल्को-बजाजमधल्या कायम कामगारांच्या एका पिढीने प्राधिकरणात किंवा संत तुकारामनगरसारख्या म्हाडा वसाहतीत स्वतःचे घर केले, मुले शिकवली आणि ती मुले पुढे अभियंते झाली. लातूर, सोलापूर, साताऱ्याहून आलेली कुटुंबे याच घरांमुळे पिंपरी-चिंचवडकर झाली.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. 1972 ते 1983 या काळात ज्यांच्या जमिनी प्राधिकरणाने घेतल्या, त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के जमीन परत देण्याचा, म्हणजे परताव्याचा, प्रश्न कित्येक दशके लोंबकळत राहिला. सातबाऱ्यावर शिक्के पडलेले, हातात मोबदला नाही आणि प्राधिकरणाकडूनही जागेचा विकास नाही, अशा जमिनींवर शेतकऱ्यांनी पुढे गुंठे पाडून विकले. जून 2021 मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले. विकसित भाग महापालिकेकडे गेला आणि मोकळ्या जमिनी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे गेल्या. कामगारांच्या घरांसाठी जन्मलेली एकमेव संस्था अशी संपली आणि ते काम नाव घेऊन कुणाकडेही सोपवले गेले नाही.

45 लाखांचे 'परवडणारे' घर

आता बाजारातले घर पाहू. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार 45 लाखांपर्यंतचे घर परवडणारे मानले जाते. पुण्याचा समावेश महानगरांच्या यादीत नसल्याने इथे क्षेत्रफळाची मर्यादा 90 चौरस मीटर चटई क्षेत्र आहे. अशा घरावर 1 टक्का कर लागतो, त्यापुढच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के. ही 45 लाखांची रेघ 2019 मध्ये आखली गेली.

45 लाखांच्या घराचा हिशेब मांडून पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. म्हणजे कर्ज 36 लाख आणि पदरचे 9 लाख. त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 3 लाख 15 हजार, नोंदणीचे 30 हजार आणि करापोटी 45 हजार. चावी हातात येण्याआधी जवळपास 13 लाख रुपये रोख हवेत. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 36 लाखांचा हप्ता महिना सुमारे 31 हजार 200 रुपये होतो. उत्पन्नाच्या 40 टक्के रक्कम हप्त्यात गेली असे धरले, तरी घरात महिना 78 हजार रुपये यायला हवेत.

मोठ्या कंपनीतला जुना परमनंट कामगार, हिंजवडीतला संगणक अभियंता, दोघेही कमावणारे नवरा-बायको यांना हे जमते. याच लोकांसाठी वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत हा पश्चिमेचा पट्टा उभा राहिला आणि दर न परवडणाऱ्यांसाठी मोशी-चऱ्होली. पण समजा एखाद्या कंत्राटी कामगाराच्या हातात महिना 18 हजार पडतात. त्याच 40 टक्क्यांच्या हिशेबाने त्याला महिना 7 हजार 200 चा हप्ता झेपतो आणि त्यावर जेमतेम 8 लाख 30 हजारांचे कर्ज बसते. तेही बँकेने दिले तर. ठेकेदार बदलला की पगाराची पावती बदलते, दोन कंत्राटांच्या मध्ये खंड पडतो आणि कर्जाचा अर्ज तिथेच अडतो.

पिंपरी-चिंचवडची आर्थिक फाळणी या दोन हिशेबांत दिसते. एकाच कारखान्याच्या एकाच लाइनवर शेजारी उभे राहणारे दोघे, एक परमनंट आणि एक कंत्राटी, घराच्या बाबतीत दोन वेगळ्या शहरांत राहतात.

किमती खाली येण्याची चिन्हेही नाहीत. 1 एप्रिल 2025 पासून शासनाने रेडी रेकनरचे, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्यांकनाचे, दर वाढवले, तेव्हा पुणे महापालिका हद्दीत वाढ 4.16 टक्के होती आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 6.69 टक्के. पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली, सप्टेंबर 2024 मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. निगडीपर्यंतच्या विस्ताराचे काम चालू आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने नाशिक फाटा ते खेड या 30 किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली, खर्च 7 हजार 827 कोटी. या सुविधा हव्यातच, त्यांची मागणी आपणच केली आहे. पण रस्त्याची घोषणा झाली की आधी जमिनीचा भाव चढतो आणि तो वाढलेला भाव शेवटी घर घेणाऱ्याकडून किंवा भाडेकरूकडून वसूल होतो. सार्वजनिक पैशातून वाढलेल्या या किमतीचा काही भाग परवडणाऱ्या घरांकडे वळवण्याची ठोस व्यवस्था आपल्याकडे नाही.

गुंठ्यावरचे घर

सोसायटीतला फ्लॅट झेपत नाही आणि गावी परतायचे नाही, अशा हजारो कुटुंबांनी तिसरी वाट धरली. अर्धा किंवा एक गुंठा घ्यायचा आणि पै-पै साठवत मजले चढवायचे. तळवडे, रुपीनगर, चिखली, मोशी, दिघी, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी या भागांतली दाट वस्ती बरीचशी अशी वसली. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. वर स्वतः राहायचे आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, हा या घरांचा संसार.

1997 मध्ये 18 गावे महापालिकेत आली. पण त्यांचा विकास आराखडा मंजूर व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर लोक थांबणार कसे? 2001 च्या जनगणनेत सुमारे 10 लाख असलेली शहराची लोकसंख्या 2011 मध्ये 17 लाख 27 हजारांवर गेली. कायदेशीर, स्वस्त भूखंड नव्हते, म्हणून बेकायदा, स्वस्त भूखंड विकले गेले. 2012 नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि तत्कालीन आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या काळात अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडू लागला. तेव्हा अशा बांधकामांची संख्या 60 हजारांहून अधिक असल्याचे पुढे आले. मूळ मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर लावला गेला. तो रद्द व्हावा म्हणून मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या आणि अखेर 2023 मध्ये तो माफ झाला. 31 डिसेंबर 2015 पूर्वीची बांधकामे नियमित करण्याची तरतूद 2017 मध्ये झाली, गुंठेवारी कायद्याची मुदतही 2021 मध्ये वाढवली गेली. तरी अटी आणि शुल्क यांमुळे नियमित झालेल्या घरांची संख्या तुटपुंजीच राहिली.

या घरांबद्दल शहरात दोन टोकाची मते आहेत. काहींना ती निव्वळ अतिक्रमणे वाटतात, काहींना ती मतपेढी वाटते. माझ्या मते ही कामगारांनी स्वतःच्या कष्टातून उभारलेली या शहरातली सर्वांत मोठी गृहयोजना आहे आणि तिच्यातले धोकेही तितकेच खरे आहेत. देहूरोड दारूगोळा कोठाराच्या हद्दीपासून 2000 यार्डांपर्यंतच्या रेड झोनमध्ये तळवडे-रुपीनगर-यमुनानगरचा मोठा भाग येतो. तिथल्या माणसाला बांधकाम परवानगी मिळत नाही, बँकेचे कर्जही मिळत नाही. मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले 36 बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यानंतर पाडले गेले. ती जमीन तुकडे पाडून विकली गेली, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घेतली, घरे उभी राहिली आणि मग ती पाडली. नदीचे पात्र वाचलेच पाहिजे. पण पूररेषेतला प्लॉट विकणाऱ्याला वेळीच न अडवणारी यंत्रणा घेणाऱ्याच्या घरावर मात्र बुलडोझर घेऊन पोहोचते, हा न्याय अपुरा आहे.

सरकारी घरकुले

महापालिकेने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत चिखलीच्या पेठ 17 व 19 मध्ये तेरा हजारांहून अधिक घरकुलांचा संकल्प सोडला गेला, प्रत्यक्षात तो निम्म्यावर, 6 हजार 720 घरांवर आला. निगडीच्या सेक्टर 22 मधला झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्प रेड झोनमध्ये आल्याने न्यायालयात अडकला आणि बांधलेल्या इमारती वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. ही चूक पैशाची नव्हती. जागा निवडण्यापूर्वी नकाशा नीट न पाहिल्याची होती.

पंतप्रधान आवास योजनेत महापालिकेने चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेत या तीन ठिकाणी मिळून 3 हजार 664 घरे हाती घेतली. त्यातला रावेतचा प्रकल्प वादात रखडला. पूर्वीच्या प्राधिकरणाच्या पेठ 12 मध्ये 4 हजार 883 घरांचा प्रकल्प झाला. अडीच लाखांचे अनुदान आणि सार्वजनिक जमीन यांमुळे महापालिकेच्या योजनेत लाभार्थ्याचा हिस्सा सहा-सात लाखांच्या आसपास बसला. वर मांडलेला 18 हजार पगाराचा हिशेब आठवावा. त्याला झेपणारे घर हेच आहे. म्हणजे गणित जुळू शकते, जमीन सरकारने दिली तर जुळते. पण 17 लाखांवरून कितीतरी पुढे गेलेल्या शहरात ही काही हजार घरे सोडतीच्या चिठ्ठीवर अवलंबून आहेत आणि उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा यांच्या रांगेत नोंदणीकृत भाडेकरार नसलेला माणूस आधीच बाहेर पडतो.

राज्याच्या 2013 च्या नियमानुसार दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत 4000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात 20 टक्के घरे अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. हा नियम चांगला आहे. वाकड-पुनावळ्यासारख्या भागात मध्यम पगाराच्या माणसाला प्रवेश मिळतो तो यामुळेच. मात्र चाकणच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत, जिथे त्याची गरज सर्वांत जास्त, तिथे हा मूळ नियम पोहोचत नव्हता.

चाकण: कारखाने आले, शहर आले नाही

चाकण पूर्वी संग्रामदुर्ग किल्ल्यासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बजाजचा कारखाना आला. 2009-10 च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा आले आणि त्यांच्या पुरवठादारांचे जाळे पसरले. एमआयडीसीने टप्प्यामागून टप्पे संपादित केले. पण पिंपरीला जसे प्राधिकरण मिळाले होते, तसे चाकणला काही मिळाले नाही. नगरपरिषद 2015 मध्ये आली, तीही फक्त चाकण गावापुरती. कारखाने असलेली बहुतेक गावे ग्रामपंचायतीतच राहिली. पीएमआरडीए 2015 मध्ये स्थापन झाले, त्याचा प्रारूप आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2025 मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. लाखो माणसे कामाला येणारा प्रदेश मंजूर आराखड्याविना वाढतो आहे.

ही पोकळी स्थानिक शेतकऱ्याने भरली. जमीन गेली, मोबदल्याच्या पैशातून आणि उरलेल्या गुंठ्यांवर त्याने खोल्यांच्या रांगा बांधल्या, कुणी तीन मजली चाळी उठवल्या. भाडे हेच आता या कुटुंबांचे पीक आहे. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण या खोल्या नसत्या तर मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या मुलांना डोक्यावर पत्राही मिळाला नसता. कमतरता आहे ती नियमांची. भाडेकरार नाही, पावती नाही, एका संडासामागे किती माणसे याला मर्यादा नाही, वीज सबमीटरवर मालक सांगेल त्या दराने, पाणी टँकरचे. मुलींना खोली मिळवणे त्याहून अवघड आणि कुटुंब घेऊन आलेल्याला आणखी अवघड. म्हणून पुष्कळ कामगार बायको-मुलांना गावीच ठेवतात. खोलीच्या भाड्याने मोडलेल्या अशा संसारांची नोंद कुठल्याही उद्योग अहवालात होत नाही.

पाण्याचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. आशियातील श्रीमंत महापालिका असा लौकिक मिळवलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये 25 नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झाले. पवनेचे पाणी बंद नळातून आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्यांच्या उशाला धरण, त्यांची संमती न घेता शहराला पाणी नेता येत नाही, हा धडा चाकणचा आराखडा करतानाही लक्षात ठेवावा लागेल.

दुसरीकडे काय घडले

चाकणशी स्पर्धा करणारा पट्टा म्हणजे चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूर. तिथे तमिळनाडूच्या औद्योगिक महामंडळाने वल्लम वडगाल येथे 706 कोटी रुपये खर्चून 18 हजार 720 महिला कामगारांसाठी निवाससंकुल बांधले. फॉक्सकॉनच्या कामगारांसाठीचे हे संकुल ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाले. एका राज्याची एमआयडीसी जे करू शकते, ते दुसऱ्या राज्याच्या एमआयडीसीला अशक्य नाही. चीनमधील शेन्झेनमध्ये शेतकऱ्यांनी आपल्या गावठाणात बांधलेल्या भाड्याच्या इमारतींनी लाखो स्थलांतरितांना आसरा दिला. ती घरे सरसकट पाडण्याऐवजी पाणी, गटार, अग्निसुरक्षा देऊन सुधारता येतात का, हा विचार तिथेही पुढे आला. कुरुळी-निघोजेच्या खोल्यांना तो जसाच्या तसा लागू पडतो.

केंद्र सरकारने टाळेबंदीतल्या स्थलांतरानंतर जुलै 2020 मध्ये परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आणली आणि जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी खासगी भागीदारीतून वसतिगृहवजा भाडेघरांची घोषणा केली. धोरणाला दिशा आहे. चाकणच्या जमिनीवर त्याचे काम मोठ्या प्रमाणावर उतरलेले दिसत नाही.

काय करायला हवे

पहिले, एमआयडीसीने चाकण-तळेगावच्या प्रत्येक टप्प्यात कामगारांच्या भाडेघरांसाठी भूखंड राखून ठेवावेत आणि मोठ्या कंपन्यांनी कंत्राटी मनुष्यबळासह आपल्या एकूण कामगारसंख्येच्या प्रमाणात त्यात वाटा उचलावा. सवलतीच्या दराने जमीन, वीज आणि कर परतावा घेणाऱ्या उद्योगाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

दुसरे, ग्रामपंचायतीतील भाड्याच्या खोल्यांची नोंदणी व्हावी. किमान क्षेत्र, संडास, पाणी, वायुविजन यांचे साधे निकष पाळणाऱ्या घरमालकाला मिळकतकरात सवलत आणि दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळावे. नोंदणी झाली की भाडेकरूच्या हातात करार येईल आणि त्या कागदावर त्याला रेशन, मुलांची शाळा, घरकुलाचा अर्ज हे सारे शक्य होईल.

तिसरे, विसर्जित प्राधिकरणाच्या उरलेल्या जमिनी लिलावात जास्तीत जास्त बोलीला विकण्याचा मोह आवरावा. त्या शेतकऱ्यांकडून कामगारांच्या घरांसाठी घेतल्या होत्या. त्यांचा पहिला हक्कदार कामगार आहे आणि ज्यांचा परतावा थकला तो शेतकरी आहे.

चौथे, पीएमआरडीएचा नवा आराखडा होईल तेव्हा 20 टक्के घरांचा नियम चाकण परिसरात प्रत्यक्ष राबवावा, तसेच पूररेषा आणि रेड झोन यांची नोंद सातबारा उताऱ्यावर यावी, म्हणजे गुंठा घेणाऱ्याला पैसे देण्याआधी कळेल.

चाकणसाठी स्वतंत्र महापालिका करावी, अशी चर्चा आता सुरू झाली आहे. ती होईल तेव्हा होवो, पण नाव बदलून प्रश्न सुटणार नाही. पिंपरीत 1972 साली राज्य सरकारने कामगाराच्या घराची जबाबदारी एका संस्थेवर लेखी टाकली होती आणि तिच्यातून एक पिढी घडली. तेव्हा राज्य आजच्यापेक्षा गरीब होते. आज चाकणमधल्या कामगाराच्या घराची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर राज्य सरकारने एका शासन निर्णयात, संस्थेचे नाव घालून द्यावे. उद्योजक संघटना, कामगार संघटना आणि या पट्ट्यातल्या लोकप्रतिनिधींनी नव्या कारखान्याच्या प्रत्येक करारासोबत हा एक प्रश्न विचारत राहावे: यात काम करणारी माणसे राहणार कुठे?